दिवाळीआधी गिझर कसा साफ करावा, आणि बिघडला तर काय पाहावं

नरक चतुर्दशीच्या पहाटे सगळं घर उटणं लावून बसलेलं आणि गिझरमधून गार पाणी. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी हे झालं. शेवटी गॅसवर पातेली चढली. दिवाळीनंतर कॉइल बाहेर काढली तर कॉइल दिसेचना, तिच्या जागी पांढऱ्या चुनखडीचं जाडजूड कांडं होतं. त्याआधी वर्षभर पाणी तापताना गिझर फसफसत, कुरकुरत होता. आम्ही मनावर घेतलं नाही.

भिंतीवरचा साठवणीचा गिझर विजेवर चालतो खरा, पण त्याचे बहुतेक आजार पाण्यातून येतात. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलं की त्यातून चुनखडी सुटते आणि सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवर, बसते. पाणी साधारण ६० अंशांच्या वर तापवलं तर हा थर आणखी झपाट्यानं वाढतो. त्यामुळे नॉब शेवटपर्यंत पिळून ठेवू नका. ५५ ते ६० पुरे. या थरामुळे वीज वाया जाते असं सर्रास सांगतात, पण ते तितकंसं खरं नाही. कॉइल पाण्यात बुडालेली असते, तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. मात्र थरामुळे ती बाहेर पडायला अडते, कॉइल आतल्या आत प्रमाणाबाहेर तापते आणि एक दिवस तडकते.

म्हणून दसरा झाला की एक सकाळ गिझरला द्यायची. पाणी फार जड असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा. (हे सगळं विजेच्या गिझरबद्दल आहे. गॅस गिझरचा धोका वेगळा, कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला इथले उपाय लावू नका.)

टाकी रिकामी करणं

हे काम कुणालाही जमतं.

१. आदल्या रात्रीच गिझरची एमसीबी (मीटरच्या बोर्डावरचा, जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) पाडून ठेवा, म्हणजे सकाळी पाणी गार मिळेल. प्लगही उपसून काढा. नुसत्या स्विचवर विसंबू नका. जुन्या घरांत कधीकधी स्विच न्यूट्रलच्या तारेवर बसवलेला असतो. तो बंद केला तरी गिझरपर्यंत करंट असतोच.

२. गिझरकडे जाणारा थंड पाण्याचा अँगल कॉक बंद करा आणि गरम पाण्याचा नळ उघडा ठेवा. नळातून पाणी थांबलं म्हणजे टाकी रिकामी झाली असं समजू नका. गरम पाणी नेणारी नळी आत टाकीच्या माथ्यापर्यंत गेलेली असते, त्यामुळे टाकी भरलेलीच राहते. उघड्या नळातून फक्त हवा आत शिरते.

३. खाली बादली धरून निळ्या खुणेकडचा पाईप गिझरच्या बाजूनं सोडवा. तिथे व्हॉल्व्ह असेल तर तोही काढा. पंधरा लिटर पाणी येईल, एका बादलीत मावेलच असं नाही. आधी गढूळ, मग खडीसारखे पांढरे तुकडे.

४. पाईप जोडा, टाकी भरा, पुन्हा रिकामी करा. पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा.

५. शेवटी टाकी भरताना गरम नळ उघडाच ठेवा. हवेचे झटके थांबून सलग धार लागली की मगच वीज सुरू करा. कोरड्या टाकीत कॉइल लावली तर ती बघता बघता जळते.

कॉइल उघडणं

यापुढचं काम ज्यांना पाना आणि टेस्टर नीट हाताळता येतो त्यांनीच करावं. बाकीच्यांनी मिस्त्री बोलवावा आणि शेजारी उभं राहून बघावं.

खालचं झाकण काढलं की कॉइल, थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा) आणि कटआऊट (पाणी प्रमाणाबाहेर तापलं तर वीज तोडणारा) यांच्या तारा दिसतात. सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कुठली तार कुठे होती हे नंतर हमखास विसरतं. प्लेटचे नट सोडवून कॉइल बाहेर घ्या. तिला स्क्रू ड्रायव्हरनं खरवडू नका की ठोकू नका. वरचं आवरण चिरलं तर करंट थेट पाण्यात. आजी तांब्याचा बंब चिंचेनं घासायची, तीच युक्ती इथे चालते: चुनखडी आंबटात विरघळते. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, घालून कॉइल तासभर बुडवा. तारा जोडायची टोकं तेवढी वर, कोरडी ठेवा. फेस यायचा थांबला की धुऊन घ्या. संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही वापरू नका, ते धातू खातं.

त्याच प्लेटवर बोटाएवढी एक कांडी असते, मॅग्नेशियमची. टाकी गंजू नये म्हणून ही कांडी स्वतः झिजत राहते. अर्ध्याहून बारीक झाली असेल तर बदला. तिच्याकडे कुणी बघत नाही, आणि मग टाकीच गळायला लागते. प्लेट बसवताना गॅस्केट नवीन घाला. जुनं दाबून बसवलेलं पुन्हा पाझरतंच.

बिघाड झाला तर

दिवाच लागत नसेल तर आधी एमसीबी, मग प्लग बघा. २००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट लागतं, एक्स्टेंशन बोर्ड चालत नाही. पिना काळ्या पडल्या असतील तर सॉकेट सैल आहे, ते बदलून घ्या.

दिवा लागतो, पण तासाभरानंही पाणी गारच? कॉइल गेलेली असण्याचा संभव जास्त. बऱ्याच गिझरमध्ये कटआऊट उडाला की दिवाही जातो. काहींत त्याचं छोटं बटण दाबून तो परत लागतो, पण लगेच पुन्हा उडाला तर दाबत बसू नका; थर्मोस्टॅट अडकला आहे.

पाणी तापतं पण फार वेळ घेतं, अशी तक्रार असेल तर हिशेब करून बघा. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला २००० वॅटला साधारण १८ मिनिटं लागतात. व्होल्टेज २३० वरून २०० वर उतरलं तर ताकद पाऊणच उरते आणि त्याच कामाला २४ मिनिटं जातात. गावाकडे संध्याकाळी गिझर 'मंद' होतो तो यामुळे, त्यात गिझरचा दोष नाही. धार बारीक झाली असेल तर अँगल कॉक आणि शॉवरची जाळी काढून बघा, बहुतेक वेळा खडे तिथेच अडकलेले असतात.

नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, किंवा गिझर लावताच आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडायला लागली, तर गिझर तिथेच बंद. कॉइल चिरली आहे किंवा अर्थिंग गेलं आहे. आरसीसीबी 'उगाच पडते' म्हणून ती काढून टाकणारे इलेक्ट्रिशियन मी पाहिले आहेत. अशाला दारातूनच परत पाठवा.

नळातून वाफ आली तर एमसीबी पाडा, नळ उघडाच ठेवून बाथरूममधून बाहेर या आणि टाकी पूर्ण गार होईपर्यंत तिला हात लावू नका.

आता गळतीचं. तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं ठिबकतं, ते बरोबर आहे. पंधरा लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापलं की पेलाभर फुगतं, ते कुठे जाणार? त्या भोकाला बूच किंवा एमसील लावणं म्हणजे भिंतीवर बॉम्ब टांगणं. गिझर बंद असतानाही दिवसरात्र ठिबकत असेल तर व्हॉल्व्हची दांडी दोन-तीनदा उचलून आतले खडे धुऊन काढा. तरी थांबलं नाही तर पाण्याचा दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्हच खराब झाला आहे. पाईपच्या जोडातून गळत असेल तर वॉशर, प्लेटच्या कडेनं गळत असेल तर गॅस्केट. टाकीच्या अंगातूनच पाणी येत असेल तर दुरुस्तीवर पैसे घालू नका, गिझर बदला.

नवा घेताना दुकानदार लिटर आणि स्टार सांगेल, तुम्ही दाबही विचारा. पाण्याची टाकी दर १० मीटर वर असली की खाली साधारण १ बार (बार म्हणजे दाब मोजायचं माप) दाब वाढतो. वीस मजली इमारतीत गच्चीवरून सरळ पाणी येत असेल तर पहिल्या मजल्यावरच्या गिझरला ५-६ बार सोसावे लागतात. तिथे ८ बारचाच घ्या.