सपुष्प वनस्पतीची नवी जाती: शंकेपासून नावापर्यंत

हाती आलेली वनस्पती त्या प्रदेशाच्या वनस्पतिकोशातील एकाही वर्णनाशी जुळत नसेल, तरी ती विज्ञानाला नवी असण्याची शक्यता सर्वांत शेवटी धरावी. आपल्या ओळखीत चूक झाली आहे का, ती जाती दुसऱ्या प्रदेशातून आधीच नोंदलेली आहे का, ती बागेतून निसटलेली वनस्पती किंवा दोन ज्ञात जातींचा संकर आहे का, हे आधी तपासावे.

नमुने गोळा करण्यापूर्वी आवश्यक परवानगी घ्यावी आणि तेथे किती झाडे आहेत ते मोजावे. मोजकीच असतील तर मुळासकट उपटण्याचा मोह टाळावा. फुले आणि शक्यतो फळेही असलेल्या फांद्या दाबून वाळवाव्यात. दाबलेल्या फुलाचा आकार आणि रंग पुढे भरवशाचा राहत नाही, म्हणून काही फुले सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावीत व रंग, वास, उंची, अधिवास आणि अक्षांश-रेखांश जागेवरच लिहून घ्यावेत. डीएनएसाठी पानाचे तुकडे सिलिका जेलमध्ये वाळवावेत.

खरा वेळ जातो तो तुलनेत. त्या वनस्पतीच्या वंशातील, म्हणजे नात्याने जवळच्या जातींच्या गटातील, जवळच्या प्रत्येक जातीचे मूळ वर्णन आणि तिचा प्ररूप नमुना, म्हणजे ज्याच्याशी ते नाव कायमचे बांधलेले असते तो नमुना, पाहावा लागतो. समानार्थी ठरवून बाजूला पडलेली जुनी नावेही तपासावीत, कारण आपली वनस्पती त्यांपैकीच एखादी निघाली तर अग्रक्रमाच्या नियमाने सहसा ते जुने नावच पुन्हा वापरात येते. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि घाईत नेमका तोच गाळला जातो. केवळ पानांच्या लांबीवर किंवा दाट लवेवर विसंबू नये. सावली आणि ओलावा यांनीही ही लक्षणे बदलतात. पुंकेसरांची रचना, अंडाशयातील बीजांडांची मांडणी, बियांचा पृष्ठभाग अशी एकमेकांवर अवलंबून नसलेली लक्षणे अनेक झाडांत स्थिर दिसली, तरच वेगळेपणाचा दावा टिकतो. डीएनएचा पुरावा त्याला बळ देतो. मात्र नाव वैध ठरण्यासाठी तो अनिवार्य नाही.

नाव वैध कसे ठरते, हे शैवाल, कवके आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेत सांगितले आहे. 1935 पासून 2011 अखेरपर्यंत नव्या जातीसाठी लॅटिन मजकूर सक्तीचा होता. 1 जानेवारी 2012 पासून वर्णन किंवा ‘निदान’ (डायग्नोसिस) लॅटिन अथवा इंग्रजीत चालते. आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक) किंवा आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक) असलेल्या प्रकाशनातील ऑनलाइन पीडीएफलाही त्याच दिवसापासून मान्यता आहे. निदान म्हणजे नवी जाती जवळच्या जातींपासून कशाने वेगळी, हे सांगणारी मोजकी वाक्ये, आणि माझ्या मते ती लिहिता येत नसतील तर लेख तयार झालेला नाही. होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा प्ररूप, म्हणून एकच नमुना, संग्राहकाचा क्रमांक देऊन, निःसंदिग्धपणे नेमावा आणि तो कोणत्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात) ठेवला आहे हे लिहावे. त्याच वेळी गोळा केलेले जादा नमुने आयसोटाइप म्हणून इतर हर्बेरियमांना पाठवावेत.

जातिवाचक पद, म्हणजे वंशनामानंतर येणारा नावाचा दुसरा शब्द, त्या वंशात पूर्वी वापरलेले नसावे. यासाठी आंतरराष्ट्रीय वनस्पती नाम सूची चाळावी. पद विशेषण असेल तर त्याचे लिंग वंशनामाशी जुळवावे. स्थळावरून नाव देताना ‘एन्सिस’ हा प्रत्यय बहुधा लागतो. व्यक्तीवरून देताना पुरुष आणि स्त्री यांच्यासाठी प्रत्यय वेगळे असतात. स्वतःचे नाव देण्यास बंदी नाही, पण ते शोभत नाही.

लेखात सविस्तर वर्णन, मोजपट्टीसह रेखाचित्र, फुलण्याचा काळ आणि जवळच्या जातींशी तुलनेचा तक्ता असावा. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या निकषांनुसार धोक्याची पातळी सुचवताना पुरेशी पाहणी झालेली नसेल, तर ‘माहिती अपुरी’ असेच नोंदवावे. ऑर्किडसारखी संग्राहकांची मागणी असलेली वनस्पती असल्यास अचूक अक्षांश-रेखांश छापू नयेत. ते हर्बेरियमच्या नोंदीत राखून ठेवावेत.