कंबरदुखी मोजताना या चुका टाळा

सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) जमा करायचे दिवस आले की 'जुनाट कंबरदुखीवर अमुक व्यायामाचा परिणाम' हा विषय घेऊन चार-पाच जण तरी येतात. विषय चांगला आहे. व्यायाम कोणता, आठवड्यातून किती वेळा, किती आठवडे यावर मुलं दोन-दोन महिने वाचतात. मोजणार कसं असं विचारलं की मात्र उत्तर एका दमात येतं: "मॅडम, व्हीएएस, ओडीआय आणि सॉरेन्सन." व्हीएएस म्हणजे दुखणं किती ते खूण करून दाखवायची रेघ, ओडीआय म्हणजे अडलेल्या कामांची प्रश्नावली, सॉरेन्सन म्हणजे पाठीच्या दमाची चाचणी. तीन कागद झेरॉक्स करून आणले की मोजमापाची तयारी झाली, असं धरून चालतात. गेली अठरा वर्षं मी असे थिसिस तपासते आहे. जे वाया गेले त्यातले फार थोडे व्यायाम चुकल्यामुळे गेले. बाकीचे पहिल्या दिवशी, पहिला पेशंट खुर्चीत बसला तेव्हाच बिघडले होते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कंबर किती दुखते, त्या दुखण्यापायी कुठली कामं अडतात, आणि पाठीत ताकद व अंगात दम किती आहे, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. भाजीची पाटी घेऊन दिवसभर बाजारात बसणारी बाई दुखणं सात सांगते आणि एकही बाजार चुकवत नाही. बँकेतला माणूस दुखणं तीन सांगतो, पण उसण भरेल या भीतीने गेले वर्षभर खाली वाकलेला नाही. एकाचं उत्तर दुसऱ्यावरून काढता येत नाही.

आठव्या प्रश्नापुढचं शून्य

ओस्वेस्ट्री डिसॅबिलिटी इंडेक्स, म्हणजे आपला ओडीआय, १९८० साली इंग्लंडमधल्या ओस्वेस्ट्री गावच्या हाडांच्या रुग्णालयातून आला. दहा विभाग, प्रत्येकात सहा वाक्यं, गुण शून्य ते पाच. बेरीज भागिले पन्नास गुणिले शंभर. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. आठवा विभाग लैंगिक जीवनाचा आहे, आणि आपल्याकडचे अर्धे थिसिस तिथे कोसळतात.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका विद्यार्थ्याने तीस बायका घेतल्या होत्या. बहुतेक शेतात राबणाऱ्या, काही घरकाम करणाऱ्या. सहा आठवड्यांचा व्यायाम त्याने मनापासून करून घेतला, एकही सेशन बुडवलं नाही. पहिली मोजणी त्याने स्वतः केली. शेवटच्या मोजणीच्या आठवड्यात तो तापाने पडला, म्हणून एका इंटर्न मुलीने ती घेतली. मास्टर चार्ट (सगळ्या पेशंटच्या आकड्यांचा तक्ता) माझ्याकडे आला तेव्हा दुखण्याचे आकडे छान उतरलेले होते आणि ओडीआय जेमतेम हललेला. काही बायकांचा तर वाढलेला. त्याच बायका ओपीडीत येऊन सांगत होत्या की आता हंडा उचलता येतो, रात्री कूस बदलता येते.

एका रविवारी मी साठच्या साठ फॉर्म घरी जमिनीवर मांडले. पहिल्या तीस फॉर्मांवर आठव्या विभागापुढे एकाच निळ्या पेनाने, एकाच हाताने शून्य लिहिलेलं होतं. त्याने तो प्रश्न कुणालाच विचारला नव्हता. बाईच्या शेजारी सासू बसलेली, समोर हा चोवीस वर्षांचा मुलगा. त्याला लाज वाटली. रकाना मोकळा राहिला तर मी रागवेन म्हणून त्याने शून्य घातलं. शून्याचा अर्थ 'काहीही त्रास नाही' असा होतो, हे त्या क्षणी त्याच्या मनात आलं नाही. इंटर्न मुलीने मात्र बायकांना एकेकीला बाजूच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि नीट विचारलं. बायकांनी तिला खरं सांगितलं. कुणाचे तीन, कुणाचे चार.

हिशोब करून बघा. पहिल्या वेळी नऊ विभागांची बेरीज १८. शून्य धरून पन्नासने भागलं की ३६ टक्के. सहा आठवड्यांनी त्याच नऊ विभागांची बेरीज १५, आणि आठव्याचे खरे ३, म्हणजे १८. पुन्हा ३६. बाई सुधारली आणि कागद म्हणतो जैसे थे. आठवा विभाग दोन्ही वेळा वगळून पंचेचाळीसने भागलं असतं, तर ४० वरून ३३ वर आलेली दिसली असती.

शेवटी आम्ही तेच केलं. दोन्ही मोजण्या नऊ विभागांवर काढल्या आणि मर्यादांच्या प्रकरणात कारण स्पष्ट लिहिलं. थिसिस वाचला. पण त्या बायकांनी कदाचित आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी जे सांगितलं होतं, ते आम्हाला बाजूला टाकावं लागलं. ते मला अजूनही लागतं.

त्यामुळे आता माझा नेम ठरलेला आहे. नातेवाईक बाहेर. बाईला बाईने विचारायचं, पुरुषाला पुरुषाने. आठवा विभाग सगळ्यात शेवटी, आणि आधी सांगायचं की उत्तर द्यायचं नसेल तर सोडून द्या, उपचारात काही फरक पडणार नाही. मोकळं ते मोकळंच ठेवायचं. कडेला पेन्सिलीने कारण लिहायचं: नवरा वारला, नवरा मुंबईला असतो, सांगितलं नाही. ही तीन कारणं सारखी नाहीत. भागाकार नेहमी जितके विभाग भरले गुणिले पाच या आकड्याने. आणि दोन्ही वेळा तोच माणूस, तीच खोली.

"आठ आणे फरक आहे"

हा माझा दुसरा राग. सहा आठवड्यांनी पेशंट येतो, विद्यार्थी विचारतो, "कसं आहे आता? कमी झालं ना?" पेशंट म्हणतो, "आठ आणे फरक आहे." विद्यार्थी पहिला आकडा बघतो, आठ होता, आणि समोर चार लिहून मोकळा होतो.

हा चार पेशंटने दिलेला नाही. 'आठ आणे फरक' हे पेशंटचं एकूण मत आहे. त्यात आजचा मूड आहे, आठवण आहे, रोज प्रेमाने व्यायाम घेणाऱ्या मुलाला वाईट वाटू नये ही भलमनसाईही आहे. सहा आठवड्यांपूर्वी नेमकं किती दुखत होतं हे कुणालाच धड आठवत नाही. आज बरं वाटत असलं की तेव्हाचं दुखणं जास्त मोठं वाटतं. एकूण फरक विचारायला हरकत नाही, जरूर विचारा, पण तो वेगळ्या रकान्यात लिहा. शून्य ते दहाचा आकडा नव्याने विचारायचा, आणि पहिला फॉर्म तेव्हा टेबलावर दिसताही कामा नये.

प्रश्नाचे शब्द एका कार्डावर छापा आणि दर वेळी तेच वाचा. "मागच्या एका आठवड्यात कंबर सरासरी किती दुखली? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही इतकी." 'दुखणं किती आहे' असं मोघम विचारू नका. खेड्यात 'दुखणं' म्हणजे आजारही असतो, आणि एका आजोबांनी मला त्या प्रश्नाचं उत्तर "सात वर्षांपासून" असं दिलं होतं. 'वेदना' हा शब्द पुस्तकी वाटतो. ठणका, कळ, चमक, आखडणं, रग लागणं यातलं नेमकं काय होतंय ते आधी पेशंटच्या तोंडून ऐका, मग आकडा मागा.

आणि ज्याने व्यायाम दिला त्याने मोजू नये. माणसं नाहीत, वेळ नाही, ही कारणं मला माहीत आहेत. बॅचमधल्या मैत्रिणीचे पेशंट तुम्ही मोजा, तुमचे ती मोजेल. दोघींचे थिसिस सुधारतील.

व्हीएएसची रेघ

रेघ १०० मिलिमीटरचीच हवी. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की ती ताणते किंवा आखडते. मी प्रत्येक गठ्ठ्यातला कागद स्टीलच्या पट्टीने मोजते. फोनवर बोलून व्हीएएस होत नाही; तिथे शून्य ते दहाचा आकडा वापरा. आणि कधीच पेन न धरलेल्या आजींच्या हातात रेघ देऊन 'खूण करा' म्हणू नका, त्यांनाही आकडाच विचारा.

मोजे न घालणारा पेशंट

रोलंड-मॉरिस प्रश्नावली १९८३ ची आहे. चोवीस वाक्यं, 'आज मला हे लागू आहे' अशी जितकी निघतील तितके गुण. त्यात एक वाक्य मोजे घालताना त्रास होतो असं आहे, एक कठडा धरून जिना चढण्याचं. आयुष्यभर चपला घालून बैठ्या घरात राहिलेला शेतकरी दोन्हींना 'नाही' म्हणतो आणि त्याची डिसॅबिलिटी कागदावर कमी दिसते. मग हुशार मुलं जागच्या जागी मोज्यांच्या ऐवजी 'धोतर' घालतात, जिन्याच्या ऐवजी 'बांध'. दहा पेशंटना दहा प्रश्नावल्या. असं करू नका. एकाही वाक्याला हात लावलात की ती प्रश्नावली रोलंड-मॉरिस राहत नाही.

घरच्या घरी केलेलं भाषांतरही नको. दोन स्वतंत्र भाषांतरं, त्यांचा मेळ, मूळ न पाहिलेल्या माणसाकडून उलट भाषांतर, तज्ज्ञांची बैठक, मग तीस-चाळीस पेशंटवर चाचणी, एवढा रस्ता आहे. ओडीआयच्या २.१अ या मराठी आवृत्तीचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला आहे. रीतसर परवानगी काढून तीच वापरा. सीनियरच्या थिसिसच्या मागे जोडलेला फॉर्म उचलणं हा आळस आहे आणि मी तो सही न करता परत पाठवते.

आपल्या पेशंटचं जगणं पकडायचं असेल तर जोडीला पेशंट-स्पेसिफिक फंक्शनल स्केल घ्या. पेशंट स्वतःच अडलेली तीन कामं सांगतो: भाकरी थापणं, खुरपणी, एसटीत दोन तास बसणं. प्रत्येकाला शून्य ते दहा. मात्र इथे दहा म्हणजे पूर्ववत जमतं, शून्य म्हणजे जमतच नाही. ओडीआयच्या नेमकं उलटं. मास्टर चार्टच्या वरच्या ओळीत 'जास्त म्हणजे चांगलं' की 'जास्त म्हणजे वाईट' हे प्रत्येक रकान्यापुढे लिहून ठेवा.

फिटनेस वाढला म्हणून दुखणं गेलं?

सॉरेन्सन टेस्ट १९८४ च्या डेन्मार्कमधल्या अभ्यासामुळे प्रसिद्ध झाली. पालथं झोपवून, इलियॅक क्रेस्ट (कमरेच्या हाडाची वरची कड) टेबलाच्या काठाला आणून, कंबर आणि पाय पट्ट्यांनी बांधून, हात छातीवर, धड अधांतरी आडवं किती सेकंद धरता येतं ते बघायचं, जास्तीत जास्त २४०. आपल्याकडे पट्ट्यांऐवजी मित्र पायावर बसतो. पुढच्या वेळी दुसरा मित्र बसतो. पट्ट्या विकत घ्या, फार महाग नाहीत.

त्याहून मोठी अडचण अशी की पेशंट कशामुळे थांबला हे कुणी लिहीत नाही. पाठ थकली, कंबर दुखली, भीती वाटली, चक्कर आली, की शेजारचा ६० सेकंदांत उतरला म्हणून हाही उतरला? ७० सेकंद आणि 'दुखलं' हा एक पेशंट. ७० सेकंद आणि 'थकलो' हा दुसरा. मी घड्याळाच्या आकड्यापुढे कारणाचा रकाना सक्तीचा केला आहे. "अजून थोडं, अजून थोडं" असा आरडाओरडाही बंद. ठरलेलं एक वाक्य, ठरलेल्या सेकंदाला, सगळ्यांना सारखं.

आणि व्यायामात रोज तीच पोझिशन धरायला लावली असेल, तर सहा आठवड्यांनी सेकंद वाढणारच. माणूस परीक्षेचाच सराव करून आलाय. तेवढ्यावरून 'पाठीचे स्नायू बळकट झाले, म्हणून वेदना कमी झाल्या' असं वाक्य लिहिलेलं दिसलं की मी लाल पेन काढते. २०१२ मध्ये युरोपियन स्पाइन जर्नलमध्ये या प्रश्नावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. व्यायामाने ताकद, लवचिकता, दम यांत झालेला बदल आणि दुखणं-डिसॅबिलिटीत झालेला बदल यांचा फारसा मेळ लागला नाही. पेशंट बरे होतात, पण ज्या स्नायूसाठी आपण घाम गाळला तो बदलल्यामुळेच बरे होतात असं म्हणायला पुरावा तोकडा आहे. भीती कमी होणं, हलायचा विश्वास येणं हेही त्यात असू शकतं. म्हणून तिन्ही मोजा, वेगवेगळे मांडा, आणि एकाच्या जोरावर दुसऱ्याचा दावा करू नका.

बाकीचं थोडक्यात. सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीला ३० मीटरचा मोकळा पट्टा लागतो. ओपीडीबाहेरच्या बारा मीटरच्या बोळात वळणांतच वेळ जातो. हृदयगतीवरून दम काढणार असाल तर पेशंट बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी ठेवणारं औषध) घेतो का ते आधी विचारा. शोबर टेस्टचे (कंबर पुढे किती वाकते ते मोजायची चाचणी) तीन प्रकार आहेत, कुठला केला ते लिहा. पेनकिलर घेतलेल्या दिवशी मोजलं की न घेतलेल्या, सकाळी की संध्याकाळी, याची नोंद ठेवा. एक मोजणी खुरपणीच्या दिवसांत आणि दुसरी शेत मोकळं झाल्यावर आली असेल, तर तेही लिहा.

'पी' आला म्हणजे झालं असं समजणं

दुखणं शंभरात चार मिलिमीटरने उतरलं आणि पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली आली, की पेढे वाटतात. पेशंटला चार मिलिमीटर जाणवतही नाहीत. पेशंटला जाणवेल असा किमान फरक किती, याचे २००८ मध्ये तज्ज्ञांनी सुचवलेले अंदाज असे: व्हीएएसवर १५, शून्य-ते-दहावर २, ओडीआयवर १०, रोलंड-मॉरिसवर ५, किंवा सुरुवातीच्या आकड्यापासून ३० टक्के. सरासरीबरोबर हेही सांगा की किती जणांनी ही मर्यादा ओलांडली. अपेक्षाही वास्तव ठेवा. २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासते) जुनाट कंबरदुखीवरच्या व्यायामाचे २४९ प्रयोग होते. काहीच न करण्याच्या किंवा नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत दुखणं शंभरात सुमारे १५ ने उतरलं, कामातल्या अडचणी मात्र सुमारे ७ नेच. तुमच्या तीस पेशंटचा ओडीआय सहा आठवड्यांत चाळीसने उतरला असेल तर आनंदी होण्याआधी फॉर्म पुन्हा काढून बघा. माणूस दुखणं सगळ्यात वर असतानाच ओपीडीत येतो, आणि त्यानंतर ते आपसूकही थोडं उतरतं. कंट्रोल ग्रुप (तो व्यायाम न दिलेला तुलनेचा गट) नसेल तर तो उतार तुमच्या व्यायामाच्या नावावर जमा होतो.

मध्येच यायचे थांबलेल्यांना फोन करा. कुणी बरं झालं म्हणून येत नाही, कुणी जास्त दुखलं म्हणून. मी तीन वेळा करते: एकदा सकाळी, एकदा रात्री आठनंतर, एकदा रविवारी.