शेरूच्या स्वेटरचा गळा डोक्यातून जात नव्हता, तो असा सैल केला

आमच्या कुत्र्यासाठी, शेरूसाठी, स्वेटरला दोन सुलट, दोन उलट टाके असा गळा विणला होता. साताऱ्यात जानेवारीत पहाटे अजिंक्यताऱ्याकडे फिरायला निघालो की तो कुडकुडतो. पण स्वेटर कानापाशीच अडकायचा. विण ताणत होती, सुरुवातीला टाके घातले तो काठ मात्र दोरीसारखा ताठ.

कोमट पाण्यात भिजवून ताणला. अ‍ॅक्रिलिक लोकर, वाळली की पुन्हा तेवढीच. काठाला बटणपट्टी केली, ती त्याने चावली. तीन संध्याकाळी गेल्या, रडूच यायचं बाकी होतं.

शेवटी काठच काढला. आधी गळ्याजवळची शिवण ३ सेंमी उसवली. मग काठापासून तिसऱ्या ओळीतले सगळे ६४ टाके १२ नंबरच्या बारीक सुईवर ओवले. ही पायरी चुकवू नका, नाहीतर टाके सुटून पळतात. त्यानंतर दुसऱ्या ओळीतला एकच टाका कापला आणि धागा सुईच्या टोकाने एकेक टाक्यातून ओढत नेला. काठ अलगद सुटला.

आता नवा धागा जोडून ८ नंबरच्या जाड सुईने (नंबर लहान तशी सुई जाड) टाके बंद केले: दोन टाके मागच्या बाजूने एकत्र सुलट विणायचे, तयार झालेला टाका डाव्या सुईवर परत घ्यायचा, पुन्हा तेच. धागा ओढायचा नाही. शेवटी शिवण घातली.

नानकटाईचे दोन ट्रे भाजून होईपर्यंत काम संपलं. स्वेटर एका दमात डोक्यातून गेला, कान न दुमडता.