पाव किलो साखर, सहा पाव आणि पावती

रेवदंड्याला आमचं किराण्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक एका दमात म्हणतं, "काकू, पाव किलो साखर, सहा पाव, नि पावती द्या." तीन वेळा 'पाव', आणि तिघांचं एकमेकांशी काडीचं नातं नाही. हे हुडकायचं कसं, ते मी गल्ल्यावर बसूनच शिकले. छोटा शब्द कुठलाही घ्या, रीत हीच.

आधी शब्दाची फोड करायचा मोह आवरा. "पायाने मळतात म्हणून पाव" हे मला कितीजणांनी छातीठोकपणे सांगितलंय! "चार तुकडे करतात म्हणून पाव" म्हणणारेही भेटतात. दोन अक्षरांचा शब्द कशालाही चिकटतो, त्यामुळे गोष्ट फार गोड लागली की संशय घ्यायचा.

त्यापेक्षा शब्द वाक्यात चालवून बघा. किलोआधीचा पाव हलत नाही. खायच्या पावाला विभक्ती लागते: पावाला, पावात. देव मात्र पावतो, पावला, पावेल. 'पावती' त्याच क्रियापदाची. पैसे पावले म्हणून पावती.

मग गोतावळा शोधा. पाव किलोचे भाऊबंद तराजूपाशीच उभे असतात. पाऊण म्हणजे पावाने उणा, मुळात 'पादोन'. सव्वा म्हणजे 'सपाद', पावासकट. जुनी चार आण्यांची पावलीही यांच्यातलीच. सगळे संस्कृत 'पाद' म्हणजे चौथ्या भागाकडे जातात. जनावराच्या चार पायांतला एक, असा हिशेब. देव पावतो तो 'प्राप्'कडे जातो, हिंदीतलं 'पाना'ही तिथलंच. खायच्या पावाला मात्र मराठीत असं घराणं नाही. शब्द असा एकटा दिसला की पाहुणा आहे का ते बघायचं.

इथे शेजारची भाषा कामाला येते. मला ती रद्दीत सापडली. पुड्या बांधायला गुजराती पेपर यायचे. शिरोरेघ नसली तरी अक्षर लागतं. पाककृतीत 'पा किलो', जाहिरातीत 'पाउंभाजी', आणि निधनाच्या बातमीत 'अवसान पाम्या'. आपल्याकडे झिजून एकसारखे झालेले तिघे तिकडे वेगवेगळे नांदतात! शिवाय 'पाउं'वर अनुस्वार आहे. खायचा पाव आला पोर्तुगीज 'pão'वरून, नि अनुस्वार त्याच्या नाकातल्या उच्चाराचा; मराठीने तो टाकून दिला. पोर्तुगीज शब्द लॅटिन 'पानिस'वरून आला, स्पॅनिश 'पान' आणि इटालियन 'पाने' त्याचीच भावंडं. पोर्तुगीज 1543 साली जपानला पोचले. तिथेही पावाला 'पान'च म्हणतात. आपल्या विड्याच्या पानाशी ते जोडू नका, ते 'पर्ण'वरून आलं.

सनावळीही ताडून बघा. पोर्तुगीज कालिकतला 1498 मध्ये उतरले, गोवा त्यांनी 1510 मध्ये घेतला. म्हणजे शके 1212 च्या, इसवी सन 1290 च्या, ज्ञानेश्वरीतलं 'पावे' बेकरीतलं असूच शकत नाही. आम्हाला हे पोर्तुगीज प्रकरण काही लांबचं नाही म्हणा. खाडीपलीकडे कोर्लईत पोर्तुगीजवरून घडलेली बोली आजही घराघरात बोलतात.

कोश सगळ्यात शेवटी उघडा. आधी उघडलात तर डोकं चालवायची मजा जाते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची आवृत्ती इंटरनेटवर फुकट बघता येते. शब्दापुढच्या कंसातली मूळ भाषेची खूण नीट वाचा.

परवा याच रीतीने 'कंपनी' धरला. तोही 'पानिस'कडेच गेला: लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सोबत, आणि सोबत बसून पाव खाणारा तो 'कोम्पानिओ'. बिस्किट कंपनीच्या एजंटला सांगितलं, तर तो म्हणाला, "काकू, आमच्याकडे डबा ज्याचा त्याचा असतो."