लॅपटॉपच्या बाद बॅटरीतून घरचा दिवा : नवशिक्यांसाठी

लॅपटॉपची बॅटरी बाद झाली म्हणजे तिच्यातले सगळे सेल बाद झाले, असं नसतं. ११.१ व्होल्टच्या सहा सेलच्या पॅकमध्ये बहुधा दोन-दोनच्या तीन जोड्या असतात. एक जोडी बसली की आतलं सर्किट अख्खा पॅक बंद करतं. उरलेल्या चार सेलमध्ये पुष्कळदा जीव असतो. ठाणे-वाशीकडच्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्यांना असे पॅक मागून बघा. भंगाराच्या ढिगातला सेल चेपलेला असू शकतो आणि चेपलेला सेल कधीही वापरायचा नाही.

पॅक शिवणीवर प्लास्टिकच्या पट्टीने उघडा, स्क्रूड्रायव्हर आत खुपसू नका. आतल्या निकेलच्या पट्ट्या कापताना सगळ्यात जास्त सांभाळायचं. सेलचं अख्खं डबडं निगेटिव्ह असतं. वरचं पॉझिटिव्ह टोक आणि डबड्याची कड यांच्यात जेमतेम एक पातळ चकती असते. पक्कड दोन्हींना टेकली की शॉर्ट, आणि पट्टी क्षणात लालभडक. एका वेळी एकच पट्टी कापा आणि सेलवर तिचा सेंटिमीटरभर तुकडा राहू द्या. वायर पुढे त्या तुकड्यालाच सोल्डर करायची. सेलवर थेट सोल्डरिंग गन धरली तर आतलं सील बिघडतं.

मग मल्टिमीटर. २ व्होल्टच्या खाली दाखवणारा सेल बाजूला काढा. इतक्या उतरलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळतं आणि चार्ज करताना पुन्हा साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. उरलेले ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज करा (कशाने, ते पुढे येतंच), दोन दिवस तसेच ठेवा, परत मोजा. ४.१ च्या खाली घसरला किंवा चार्ज होताना हाताला गरम लागला, तर तोही बाद. प्रत्येक सेलवर आकडा आणि तारीख लिहा. बहुतेक नवशिके हीच पायरी गाळतात, आणि पुढची निम्मी डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

चार्जिंगला टीपी४०५६ मॉड्यूल, म्हणजे एक लिथियम सेल चार्ज करणारं छोटं तयार सर्किट घ्या, तेही 'आउट' टोकं असलेलं, म्हणजे त्यात सेल फार उतरू न देणारं प्रोटेक्शन असतं. ते मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतं; ठाण्याहून जायचं तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा. हे मॉड्यूल १ ॲम्पिअरने चार्ज करतं, जुन्या सेलला ते जास्त होतं. त्यावरचा '१२२' छापलेला १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून २ किलोओहमचा लावा, करंट साधारण ५८० मिलिॲम्पिअरवर येतो.

एलईडीत हमखास फसगत होते. बिघडलेल्या ९ वॉटच्या बल्बमधल्या चिप बऱ्याचदा ९ किंवा १८ व्होल्टच्या असतात, एका सेलवर त्या पेटतच नाहीत. ३ व्होल्टची, १ वॉटची पांढरी एलईडी विकत घ्या आणि त्याच बल्बच्या ॲल्युमिनियमच्या थाळीवर बसवा. मॉड्यूलची 'आउट' टोकं आणि एलईडी यांच्या मध्ये ४.७ ओहम, १ वॉटचा रेझिस्टर. पूर्ण चार्जवर करंट साधारण पाव ॲम्पिअरच्या आत राहतो. सेलमध्ये १५०० मिलिॲम्पिअर-तास उरले असतील तर दिवा सहज सात तास चालतो.

पहिली दोन-तीन चार्जिंग लादीवर, गादी-पडद्यांपासून लांब, जागे असतानाच करा. बाद सेलच्या दोन्ही टोकांना टेप लावा आणि ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रातच द्या. घंटागाडीत टाकलात तर दाबला जाऊन पेट घेऊ शकतो.