पांढरा कप, चार रंग: तासाभरात ॲक्रिलिक वस्तुचित्र

वस्तुचित्रासाठी फुलदाणी शोधत बसू नका. स्वयंपाकघरातला साधा पांढरा कप उचला. पांढरा रंग भलताच फसवा असतो. सावलीत तो निळसर करडा दिसतो, टेबलाचा रंग अंगावर घेतो, आणि ट्यूबमधला निव्वळ पांढरा शेवटी जेमतेम ठिपक्यापुरता लागतो.

एका बाजूने टेबललॅम्प लावा, बाकीचे दिवे बंद. कपाची टेबलावर पडलेली सावली स्पष्ट दिसली पाहिजे. तीही रंगवायची आहे.

300 जीएसएमचा (म्हणजे जाड) कागद, एक इंची आणि अर्धा इंची चपटा ब्रश, एक बारीक गोल ब्रश. रंग चारच: अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), टायटॅनियम व्हाइट. काळा मुद्दाम नको. निळा आणि सिएना मिसळून त्याहून जिवंत गडद रंग मिळतो.

कागदावर यलो ऑकरचा पातळ हात फिरवा, कारण कोऱ्या कागदावर पांढऱ्या कपाच्या छटांचा अंदाजच येत नाही. तो वाळेपर्यंत गडद, मध्यम आणि उजळ अशा तीन छटा कालवून ठेवा. भरपूर कालवा, संपलेली छटा पुन्हा हुबेहूब जुळवणं म्हणजे डोकेदुखी. ॲक्रिलिक झटकन वाळतं, म्हणून पॅलेटवर अधूनमधून पाण्याचा फवारा मारत राहा.

रेखाटन पातळ सिएनाने, थेट ब्रशनेच करा. कपाकडे जरा वरून पाहत असाल, तर तळाची कड तोंडाच्या कडेपेक्षा जास्त गोल दिसते. ती सरळ रेघेत कापली की कप टेबलावर बसतच नाही. कान काढताना त्याच्या आतल्या पोकळीचा आकार बघा, कान आपोआप जमतो.

आता डोळे किलकिले करा. बारकावे विरघळतात आणि उजेड-अंधाराचे दोन-तीन मोठे तुकडे उरतात. आधी सावल्या, मग मध्यम छटा, मग उजळ बाजू, सगळं मोठ्या ब्रशने. ओल्या ॲक्रिलिकमधलं, रंगकण धरून ठेवणारं दुधट माध्यम वाळताना पारदर्शक होतं, त्यामुळे रंग थोडा गडद होतो. म्हणून उजळ छटा डोळ्याला हवी त्याहून किंचित फिकी लावा.

खरी मेहनत उजेड सावलीला मिळतो तिथे. दोन्ही रंग ओले असतानाच ओलसर ब्रशने कड हलकेच ओढा. रंग चिकट झाला की हात आवरा, नाहीतर खालचा थर उखडतो. पूर्ण वाळू द्या आणि वरून मधली छटा लावा.

तळाला टेबल टेकतं तिथे बारीक ब्रशने सर्वांत गडद रेघ द्या. सावलीच्या बाजूला टेबलावरून परतलेला उजेड दिसत असेल तर ऑकरची पुसट छटा द्या. चकाकी अगदी शेवटी: जाड पांढरा, एकच ठिपका. दुसऱ्यांदा हात लावू नका.

मग लगेच ब्रश साबणाने धुवा. केसांच्या मुळाशी ॲक्रिलिक वाळलं की ब्रश गेला.