नवी स्नोमोबाइल बर्फावर नेण्याआधी

अमेरिकेतल्या डुलुथला आमची नवी स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, घरी आली, तेव्हा मुलगा लगेच बसायला निघाला. मी थांबवलं. नवी आहे म्हणजे सगळं ठीकच असेल, असं धरून चालू नका.

इंजिन बंद असतानाच उजव्या अंगठ्याखालचा थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायचा खटका, दाबून सोडा. तो झटकन मागे यायलाच हवा. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून पुन्हा बघा. आमचा उजवीकडे वळवल्यावर रेंगाळत होता. केबल दुमडली होती. ती नीट होईपर्यंत मी गाडी हलवू दिली नाही.

मग डाव्या हाताचा ब्रेक, स्कीचे (पुढच्या घसरपट्ट्यांचे) बोल्ट, खालच्या रबरी पट्ट्याचा ताण, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), ऑइल तपासा. शेवटी इंजिन सुरू करून जॅकेटला अडकवलेली सेफ्टी दोरी ओढा. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं पाहिजे.